टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन : सुईच्या आधी आणि नंतर

टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी सकाळी करायची असते, उपाशी पोटी आणि नीट झोप झाल्यावर. पुरुषाच्या रक्तातलं हे संप्रेरक पहाटे आणि सकाळी सर्वांत जास्त असतं, दिवस चढेल तसं उतरत जातं. रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातल्या आगरदांड्यासारख्या गावात एवढा साधा नियम पाळणंही अवघड. राजपुरी खाडीकाठचं हे गाव, समोर दिघी, मधे ये-जा करणारी जंगलजेट्टी ही फेरीबोट. इथला मासेमारी करणारा माणूस रात्रभर समुद्रावर असतो, सकाळी होडी धक्क्याला लावतो, मासळीचा व्यवहार उरकतो आणि मग झोपतो. अशा माणसाने रात्रीच्या जागरणानंतर किंवा दुपारी जेवून रक्त दिलं, तर अहवालातला आकडा खऱ्यापेक्षा कमी येण्याची शक्यता मोठी. आणि त्या एका आकड्यावर कुणी इंजेक्शन सुरू केलं, तर ते कित्येक वर्षं, कधी जन्मभर चालू राहू शकतं.

पुरुषांना बाहेरून टेस्टोस्टेरॉन देण्याच्या उपचाराबद्दल शहरांत आता बरंच बोललं जातं. चाळिशीनंतरची मरगळ, वाढतं पोट, कमी झालेली कामेच्छा, चिडचिड या सगळ्याला ‘लो टी’ असं एकच नाव मिळालं आहे. किनाऱ्यावरच्या गावात हे नाव माहीत नसलं, तरी ‘ताकदीचं इंजेक्शन’ माहीत असतं. औषध खरं आहे आणि ज्याला त्याची गरज आहे त्याचं आयुष्य ते बदलतं, याबद्दल शंका नाही. पण गेल्या नव्वद वर्षांत या उपचाराने जे शिकवलं, त्यातलं बहुतेक शहाणपण पहिल्या सुईच्या आधी कामाला येणारं आहे, आणि नेमकं तेच रुग्णापर्यंत उशिरा पोहोचतं.

या औषधाची सुरुवातच एका फसव्या अनुभवातून झाली. 1889 मध्ये पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार या 72 वर्षांच्या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपली ताकद, काम करण्याची उमेद परत आल्याचं विद्वानांच्या सभेत सांगितलं. त्याचा शब्द वजनदार होता. पाहता पाहता असे अर्क युरोप-अमेरिकेत विकले जाऊ लागले. पुढे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याच पद्धतीने अर्क करून मोजला, तेव्हा त्यात परिणाम करण्याइतकं संप्रेरक नव्हतंच. पाण्यात ते फारसं विरघळत नाही. म्हणजे त्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाला जे जाणवलं, ते त्याच्या विश्वासाने घडवलेलं होतं. ही गोष्ट आजही महत्त्वाची आहे, कारण थकवा, उत्साह, कामेच्छा या तक्रारींवर विश्वासाचा परिणाम फार होतो आणि पहिल्या सुईनंतर दोनच दिवसांत वाटणारी तरतरी बहुधा त्याच जातीची असते.

शुद्ध टेस्टोस्टेरॉन हाती यायला 1935 साल उजाडलं. ॲमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकर यांच्या प्रयोगशाळेत ते बैलांच्या वृषणांतून वेगळं काढलं गेलं, आणि त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिचका या रसायनशास्त्रज्ञांनी ते कोलेस्टेरॉलपासून प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. 1939 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या दोघांना मिळालं. तेव्हापासून औषध बनवणं हा प्रश्न राहिलाच नाही. ते कुणाला द्यायचं, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही.

काही पुरुषांच्या बाबतीत उत्तर अगदी स्पष्ट आहे. क्लाइनफेल्टर सिंड्रोम घ्या. यात मुलगा एक जादा एक्स गुणसूत्र घेऊन जन्मतो. साधारण सहाशे मुलग्यांमागे एक, म्हणजे हा विकार वाटतो तितका दुर्मिळ नाही. मुलगा उंच वाढतो, दाढी विरळ राहते, वृषण लहान आणि घट्ट असतात, कधी छाती थोडी वाढते. पण त्याला ‘काही झालंय’ असं कुणी म्हणत नाही. निदान होतं ते लग्नानंतर मूल होत नाही तेव्हा, आणि तेही बायकोच्या तपासण्या, नवस, अंगारे-धुपारे सगळं करून झाल्यावर. पुरुषाची वीर्यतपासणी ही सगळ्यात स्वस्त आणि सोपी तपासणी असूनही आपल्याकडे ती सर्वांत शेवटी होते. याची किंमत बायका मोजतात, आणि हे मुळीच क्षम्य नाही.

दुसरा असा गट काल्मन सिंड्रोमचा. सोळा-सतरा वर्षं झाली तरी आवाज फुटत नाही, मिसरूड येत नाही, आणि विचारलं तर कळतं की मुलाला वासच येत नाही. मासळी वाळत घातलेल्या वाडीत राहून ज्याला वास येत नाही, अशा मुलाकडे घरच्यांनी लगेच लक्ष द्यावं. मेंदूतला वासाचा मार्ग आणि संप्रेरकांचा आदेश देणाऱ्या पेशी गर्भात एकाच वाटेने प्रवास करतात, म्हणून दोन्ही एकदम बिघडतात. अशा मुलाला वेळेवर उपचार मिळाले तर तो इतरांसारखाच वयात येतो आणि योग्य औषधांनी पुढे बापही होऊ शकतो.

याशिवाय पिट्यूटरी ग्रंथीवरची गाठ, डोक्याला जबर मार, कर्करोगावरची केमोथेरपी, वृषणाला पीळ पडणं, लहानपणी खाली न उतरलेली वृषणं, थॅलेसेमियाच्या रुग्णांत वारंवार रक्त दिल्याने साठलेलं लोह, अशी कारणं आहेत. गालगुंडाचंही नाव घ्यायला हवं. वयात आल्यानंतर गालगुंड झालं तर ते वृषणांवर उतरू शकतं आणि कधी कधी त्यांचं कायमचं नुकसान होतं. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही. ही गोष्ट अनेक पालकांना माहीतच नसते.

या सगळ्यांना टेस्टोस्टेरॉन देणं म्हणजे शरीरात जे नाही ते भरून काढणं. यावर वैद्यकात वाद नाही.

वाद आहे तो मधल्या वयाच्या माणसाबद्दल. पोट सुटलेलं, मधुमेह, रात्री घोरणं, दिवसा पेंग, रक्तातला आकडा सीमारेषेवर. युरोपातल्या आठ शहरांत 40 ते 79 वयाच्या 3369 पुरुषांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की थकवा, उदासी, जोर कमी होणं या तक्रारींचा टेस्टोस्टेरॉनशी संबंध फार ढिला आहे. खरा संबंध तीन लैंगिक लक्षणांशी होता: पहाटेची ताठरता कमी होणं, कामेच्छा कमी होणं आणि संबंधाच्या वेळी ताठरता न येणं. ही तिन्ही लक्षणं आणि खरोखर कमी असलेलं टेस्टोस्टेरॉन, असे दोन्ही निकष लावले तर त्या गटात जेमतेम 2 टक्के पुरुष बसले. जाहिराती वाचून वाटतं त्यापेक्षा हा आकडा किती लहान आहे!

म्हणून अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीची 2018 ची मार्गदर्शक तत्त्वं, जी भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ शलेंदर भसीन यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली, दोन गोष्टी सांगतात. लक्षणं असली पाहिजेत, आणि सकाळच्या उपाशीपोटी दोन वेगवेगळ्या तपासण्यांमध्ये आकडा नि:संशय कमी आला पाहिजे. एक तपासणी पुरत नाही, कारण पहिल्यांदा कमी आलेला आकडा दुसऱ्यांदा कित्येकदा व्यवस्थित येतो. लठ्ठ नसलेल्या 19 ते 39 वयाच्या पुरुषांत नेहमीची मर्यादा साधारण 264 ते 916 नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटर धरली जाते. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना 300 च्या खाली कमी मानते. 290 आणि 310 यांच्यात आजारी आणि निरोगी अशी भिंत नसते, हे लक्षात ठेवलेलं बरं. ताप आला असेल, नुकताच दवाखान्यातून सुटला असेल, तर तपासणी पुढे ढकलावी. केसगळतीसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला आधी सांगावं, कारण त्या गोळ्या काही यंत्रांवरचे आकडे चुकवतात. आणि ज्यांचं काम रात्रीचं, त्यांनी झोपून उठल्यानंतर दोन-तीन तासांत रक्त द्यावं. घड्याळातल्या आठ वाजण्यापेक्षा त्यांच्या शरीराची सकाळ महत्त्वाची.

आकडा दोनदा कमी आला की पुढचा प्रश्न ‘का’. इथे एलएच आणि एफएसएच ही पिट्यूटरीची दोन संप्रेरकं मोजावी लागतात, आणि हीच पायरी सर्रास गाळली जाते. पिट्यूटरीला होडीवरचा तांडेल समजा आणि वृषणांना खलाशी. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच खूप जास्त, म्हणजे तांडेल ओरडतोय पण खलाशांत बळ नाही, दोष वृषणांत. दोन्ही कमी, म्हणजे तांडेलच गप्प; मग प्रोलॅक्टिन मोजायचं, गरज पडली तर डोक्याचा एमआरआय करायचा. प्रोलॅक्टिन वाढवणारी पिट्यूटरीची गाठ बहुतेकदा गोळ्यांनी आकसते आणि टेस्टोस्टेरॉनही आपोआप वर येऊ शकतं. अशा माणसाला फक्त इंजेक्शन देत राहणं म्हणजे गाठ झाकून ठेवणं.

‘का’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा जीवनशैलीत सापडतं. चरबीच्या पेशी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात. वजन वाढलं की रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन कमी होतं आणि एकूण आकडा घसरतो. 2011 मध्ये शिकागोत दहा तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्के उतरलं. तुटक झोपेवर वर्षानुवर्षं समुद्र करणाऱ्या माणसाने हा आकडा मनावर घ्यावा. घोरताना श्वास अडकणं, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, रोजची दारू, आटोक्यात नसलेली साखर, ही सगळी आकडा खाली खेचतात. वजन खरोखर उतरवलं तर तो पुष्कळदा वर येतो, कुठल्याही सुईशिवाय. आणि थकवा म्हणजे टेस्टोस्टेरॉनच असं नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि मनाची उदासी आधी पाहायची असते.

आता सर्वांत महत्त्वाचा धडा. तो कळतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की रक्तातला आकडा भरतो, ते पाहून पिट्यूटरी एलएच आणि एफएसएच पाठवणं थांबवते, आणि वृषणं स्वतःचं काम बंद करतात. शुक्रजंतू तयार व्हायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कित्येक पटींनी जास्त लागतं. बाहेरून घेतलेलं औषध तिथपर्यंत ती पातळी नेऊ शकत नाही. परिणाम असा की ‘पुरुषत्वाचं इंजेक्शन’ घेणाऱ्या माणसाच्या वीर्यातले शुक्रजंतू कमी होत होत शून्यावर येऊ शकतात. हे इतकं खात्रीचं आहे की जागतिक आरोग्य संघटनेने ते पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं. सात देशांतल्या 271 निरोगी पुरुषांना दर आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट दिलं गेलं आणि 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: सहा महिन्यांत बहुसंख्य पुरुषांच्या वीर्यात एकही शुक्रजंतू उरला नव्हता.

लग्न ठरलेला किंवा नुकतंच लग्न झालेला, पंचविशी-तिशीतला तरुण ‘ताकद’ म्हणून हे इंजेक्शन घेतो, बायकोला दिवस जात नाहीत, मग तो आणखी इंजेक्शनं घेतो. या दुष्टचक्राइतकं दु:खद उदाहरण संप्रेरकांच्या वैद्यकात क्वचितच असेल. दिलासा एवढाच की औषध थांबवल्यावर बहुतेकांचं काम पुन्हा सुरू होतं. गर्भनिरोधकाच्या चाचण्यांतल्या निरोगी पुरुषांत सुमारे 67 टक्क्यांचे शुक्रजंतू सहा महिन्यांत आणि 90 टक्क्यांचे वर्षभरात परत आले, राहिलेल्यांना दोन वर्षांपर्यंत वेळ लागला. पण ज्यांची वृषणं आधीच कमकुवत, किंवा ज्यांनी वर्षानुवर्षं मोठे डोस घेतले, त्यांना ही हमी देता येत नाही. मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉन सुरू करायचं नाही. दोष पिट्यूटरीचा असेल तर एचसीजी, एफएसएचसारखी, वृषणांना कामाला लावणारी इंजेक्शनं तज्ज्ञ देतात. ‘अजून मूल हवंय का?’ हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही, तर रुग्णाने आपणहून सांगावं. लाज बाळगायची जागा ही नव्हे.

औषधाचे प्रकार भारतात बरेच आहेत आणि प्रत्येकाची सवय वेगळी. एनॅन्थेटचं 250 मिलिग्रॅमचं इंजेक्शन (टेस्टोविरॉन डेपो हे त्याचं जुनं नाव) स्वस्त आणि सहज मिळणारं. दोन ते चार आठवड्यांनी द्यावं लागतं. पहिल्या काही दिवसांत पातळी उंच उडते, मग उतरत जाते, आणि पुढची सुई येईपर्यंत माणूस पुन्हा मलूल, चिडचिडा होतो. घरच्यांना हा चढउतार रुग्णाच्या आधी कळतो. सस्टॅनॉनमध्ये चार वेगवेगळ्या वेगाने सुटणारी संयुगं शेंगदाण्याच्या तेलात मिसळलेली असतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ते टाळायचं. अनडिकॅनोएटचं 1000 मिलिग्रॅमचं डेपो इंजेक्शन एरंडेल तेलात असतं, चार मिलिलिटरचं, कुल्ल्याच्या स्नायूत दोन मिनिटं सावकाश द्यावं लागतं. घाईने दिलं तर तेलाचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात जाऊन खोकल्याची उबळ येऊ शकते. पहिल्यानंतर सहा आठवड्यांनी दुसरं, मग दर 10 ते 14 आठवड्यांनी एक. महाग, पण पातळी सपाट राहते, आणि दूरच्या गावातून वर्षाला चार-पाच फेऱ्यांत भागतं.

जेल रोज सकाळी खांद्यावर चोळायची असते. पातळी छान राहते, सुई टळते. पण ती कोरडी होण्याआधी लहान मूल अंगाला बिलगलं तर औषध त्याच्या त्वचेतून आत जातं. अशा संपर्काने लहान मुलांत वयात येण्याची लक्षणं दिसल्यामुळे 2009 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जेलच्या खोक्यावर ठळक इशारा छापायला लावला. दोन खोल्यांच्या घरात, नातवंडं अंगाखांद्यावर खेळत असताना जेल वापरायची असेल तर हात साबणाने धुणं आणि खांदा बनियनने झाकणं याला पर्याय नाही. आणि जेल लावून लगेच समुद्रात उतरणाऱ्या, घामाने निथळणाऱ्या माणसासाठी ती सोयीची नाहीच.

सुरू केल्यावर काय होतं? कामेच्छेत फरक साधारण तिसऱ्या आठवड्यापासून जाणवतो. मन थोडं हलकं होतं. चरबी कमी होणं आणि स्नायू भरणं याला तीन-चार महिने, हाडांची घनता वाढायला सहा महिन्यांपासून दोन-तीन वर्षं. पण किती फरक? 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचण्यांत 65 च्या पुढच्या, खरोखर कमी टेस्टोस्टेरॉन असलेल्या 790 पुरुषांना वर्षभर औषध किंवा त्यासारखीच दिसणारी बिनऔषधी जेल दिली. कामेच्छा आणि लैंगिक आयुष्य माफक सुधारलं, हिमोग्लोबिन वाढलं. चालण्याचा वेग-अंतर आणि एकूण उत्साह यांत मात्र सांगण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे म्हातारपणाचा थकवा या सुईने जात नाही. ज्याला तारुण्य परत हवंय, त्याला हे औषध निराश करणार.

सगळ्यांत जपून पाहायची गोष्ट म्हणजे रक्ताचा घट्टपणा. टेस्टोस्टेरॉन लाल पेशी वाढवतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, 54 टक्क्यांच्या वर गेला की औषध थांबवून किंवा कमी करून कारण शोधायचं, हा जगभरचा नियम. ऑस्ट्रेलियात 1007 पुरुषांवर दोन वर्षं चाललेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वजन कमी करण्याच्या कार्यक्रमाबरोबर टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत मधुमेह कमी आढळला, 21 ऐवजी 12 टक्के. पण त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी 22 टक्क्यांचं हिमॅटोक्रिट 54 च्या वर गेलं. उन्हात, कमी पाण्यावर दिवस काढणाऱ्या माणसाचं रक्त आधीच दाट असू शकतं. साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी तपासणी, खर्चिक नाही. ती उपचार सुरू करण्याआधी, मग तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी करायची. गल्लोगल्ली इंजेक्शन देणारे पुष्कळ आहेत, सीबीसीची आठवण करून देणारे फार थोडे.

हृदयाबद्दलची भीती बरीच वर्षं होती. 2023 मध्ये ‘ट्रॅव्हर्स’ या मोठ्या चाचणीने ती बऱ्याच अंशी निवळली. 45 ते 80 वयाच्या, हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयमृत्यू यांचं प्रमाण औषधाच्या गटात 7.0 आणि दुसऱ्या गटात 7.3 टक्के, म्हणजे सारखंच निघालं. प्रोस्टेटच्या कर्करोगातही फरक दिसला नाही. मात्र हृदयाची लय बिघडणं, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणं आणि मूत्रपिंडाला इजा ही प्रकरणं औषधाच्या गटात जास्त होती, आणि सगळ्यांना चकित करत हाडं मोडण्याचं प्रमाणही किंचित जास्त निघालं. घनता वाढते तरी हाडं का मोडावीत, याचं पक्कं उत्तर अजून नाही. प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कर्करोग, वाढलेला पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी), गेल्या सहा महिन्यांत आलेला झटका, उपचार न केलेला घोरण्याचा गंभीर विकार, यांत टेस्टोस्टेरॉन सुरू करू नये हा सल्ला कायम आहे.

हे सगळं माहीत असूनही अमेरिकेत काय झालं ते पाहण्यासारखं आहे. 2001 ते 2011 या दहा वर्षांत चाळिशीपुढच्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचं प्रमाण तिपटीहून वाढलं, आणि त्यांतल्या सुमारे चौथाई लोकांची आधीच्या वर्षभरात रक्ततपासणीच झालेली नव्हती. जाहिरातीने आजार आधी विकला, औषध मागून. आपल्याकडे टेस्टोस्टेरॉन ‘शेड्यूल एच’मध्ये आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, लैंगिक ताकद वाढवण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तरीही एसटी स्टँडच्या भिंतींवरची ‘गुप्तरोग’वाली पत्रकं ज्याने वाचली नाहीत असा माणूस कोकणात सापडणार नाही.

लैंगिक प्रश्नांवर उघड बोलण्याच्या बाबतीत महाराष्ट्राने फार लवकर एक चांगली वाट पाडली होती. र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. वाचक पत्रातून आपल्या शंका विचारत, कर्वे शास्त्राच्या आधारे उघड उत्तर देत. त्या उत्तरांवरच 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, दंड झाला, मासिक चालूच राहिलं. पुढे डॉ. विठ्ठल प्रभूंनी ‘निरामय कामजीवन’ या पुस्तकातून हेच काम घराघरांत नेलं. इतकी परंपरा असलेल्या भाषेत पुरुषाने ‘ताठरता येत नाही’ एवढं वाक्य डॉक्टरसमोर बोलायला घाबरावं, हे खटकतं.

रायगडात आणखी एका गटाचा विचार करावा लागतो: कबड्डी आणि व्यायामशाळेतली पोरं. प्रकाशझोतातल्या स्पर्धांनी या जिल्ह्याची रात्र जागी असते. अंग लवकर भरावं म्हणून कुणी टेस्टोस्टेरॉन टोचून घेतो, उपचाराच्या डोसाच्या कित्येक पट. काही महिन्यांनी औषध सोडलं की वृषणं झोपलेलीच असतात. मग थकवा, उदासी, नपुंसकत्वाची भीती, आणि पुन्हा सुई. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत टेस्टोस्टेरॉन स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेर, दोन्ही वेळा बंद आहे. खऱ्या आजारासाठी घ्यायचं असेल तर आधी लेखी परवानगी लागते.

आणि ज्यांच्यासाठी टेस्टोस्टेरॉन म्हणजे स्वतःचं आयुष्य जगणं, त्या ट्रान्स पुरुषांबद्दलही लिहायला हवं. बीड जिल्ह्यातल्या पोलीस शिपाई ललित साळवे यांची मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात लिंगबदलाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा शरीर आणि ओळख यांतल्या अंतरावर महाराष्ट्रातल्या घराघरांत बोलणं झालं. 2019 च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्कसंरक्षण कायद्याच्या 15 व्या कलमाने संप्रेरक उपचारांसह वैद्यकीय सोयी देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. या उपचारात आवाज घोगरा होतो, दाढी येते. हे बदल औषध सोडलं तरी परत फिरत नाहीत. पाळी थांबली तरी गर्भ राहण्याची शक्यता संपत नाही. हिमॅटोक्रिटचा नियम त्यांनाही तोच. चोरून, स्वतःच सुई घेण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

आगरदांड्याहून या उपचाराचा रस्ता पाहिला तर अडचण कुठे आहे ते दिसतं. इंजेक्शन मुरूडला कुणीही देईल. एलएच, प्रोलॅक्टिन मोजायला आणि ते वाचायला मात्र अलिबाग गाठावं लागतं, एमआरआय आणि संप्रेरकतज्ज्ञासाठी बहुधा मुंबई. एका फेरीत दिवसाची कमाई जाते. म्हणून 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळाचा उपयोग करावा. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, रात्रीची झोप लागलेली, नारळी पौर्णिमेला अजून वेळ. दोन सकाळच्या तपासण्या, त्यानंतरचं निदान आणि गरज असेल तर पहिली सुई हे सगळं या दोन महिन्यांत नीट बसतं, आणि आकडाही खरा येतो.

अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याने या दोन महिन्यांत मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या किनारी तालुक्यांत पुरुषांसाठी सकाळची तपासणी शिबिरं घ्यावीत: साखर, सीबीसी, थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन, आणि मूल होत नसलेल्या जोडप्यांत नवऱ्याची वीर्यतपासणी सर्वांत आधी. मच्छीमार सोसायट्यांनी त्यासाठी आताच निवेदन द्यावं. आणि कुणी इंजेक्शन घेत असेल तर शेवटचं सीबीसी कधी झालं ते पाहावं. सहा महिन्यांपूर्वीचं असेल आणि उपचार पहिल्याच वर्षात असेल, तर पुढची सुई घेण्याआधी रक्त तपासून घ्यावं.